वनाच्या दाराशीं

दिवाळीची सुटी जवळ आली कीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो: या खेपेस कोठें जावयाचें? देवस्थानें होऊन गेलेलीं असतात, महाबळेश्वर गजबजलेलें असतें, आणि मग घरांतील कोणी तरी चांदोलीचें नांव काढतो. राष्ट्रीय उद्यान, नदीचा कांठ, चांदणी रात्र आणि पाण्यालगत ठोकलेला तंबू असें एक चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. लगेच पुढचे दोन प्रश्न येतात. तंबूच्या जागेस एका रात्रीचे किती पैसे पडतात, आणि ती जागा किती दिवस आधीं राखून ठेवावी लागते?

या प्रश्नांचें सरळ उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. चांदोलीच्या उद्यानांत हौसेनें जाणाऱ्यास दिवसाचा प्रवेश मिळतो. सायंकाळीं त्यास बाहेर पडावें लागतें. आंतील नदीकांठच्या रात्रीला भाडें नाहीं, कारण ती रात्र भाड्यानें देण्याची वस्तूच मानलेली नाहीं. तंबू ठोकावयाचा तर तो वनाच्या सीमेबाहेर, गांवाच्या शिवारांत. हें ऐकून कांहींचा हिरमोड होतो, कांहीं रागावतात, आणि थोडे लोक असें कां, म्हणून विचारतात. या थोड्यांच्या प्रश्नांतच खरा विषय आहे. वनाच्या दाराशीं जें शुल्क घेतलें जातें तें कशाचें, आणि तेथें जी संख्येची मर्यादा असते ती कोणासाठीं?

प्रथम हें वन कोठें आहे तें पाहिलें पाहिजे. चांदोली म्हणजे वारणेचें खोरें. सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत, सह्याद्रीच्या माथ्यावर पाथरपुंजच्या परिसरांत ही नदी उगम पावते, शिराळ्याच्या डोंगरांतून खालीं उतरते आणि सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेस मिळते. सांगलीकर ज्या संगमावर संध्याकाळीं वारा खावयास जातात तेथील कांहीं पाणी या रानानें धरून ठेवून सोडलेलें असतें. वारणेवर चांदोली येथें धरण झालें, ३४.४० अब्ज घनफूट पाणी सांठविणारा वसंतसागर जलाशय तयार झाला, आणि त्याच्या भोंवतालचें रान १९८५ सालीं अभयारण्य व २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें. उद्यानाचें क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर असून तें सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जेथें जवळ येतात तेथें पसरलेलें आहे. त्याच्या उत्तरेस कोयनेचें खोरें. तेथें शिवसागर जलाशयाच्या भोंवतीं ४२३.५५ चौरस किलोमीटरचें कोयना अभयारण्य आहे. तेंही १९८५ सालचेंच. २०१० सालीं या दोन वनांचा मिळून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. पुढें २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत चांदोली, कोयना आणि साताऱ्याचें कास पठार या तिन्हींचा समावेश झाला.

अशा वनांत पाऊल टाकावयाचें तर परवाना लागतो, आणि हा नियम कोणा अधिकाऱ्याच्या लहरीवर अवलंबून नाहीं. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमांत, कोणत्या कारणासाठीं प्रवेश देतां येतो तें स्पष्ट सांगितलें आहे. वन्य प्राण्यांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आंत राहणाऱ्या लोकांशीं असलेलें कायदेशीर काम, हीं तीं कारणें होत. परवान्याबरोबर अटी येतात आणि ठरलेलें शुल्क येतें. याच कायद्यानें वनांत आग लावण्यास व परवानगीवांचून शस्त्र नेण्यास बंदी केली आहे. शेकोटीवांचून तंबूची रात्र पुरी झाल्यासारखी ज्यांना वाटत नाहीं, त्यांनीं ही एकच अट ध्यानांत आणली तरी आंतील मुक्कामाचा प्रश्न बराचसा सुटतो.

तथापि कायद्याहून मोठें कारण निराळें आहे. तंबूला जी जागा सर्वांत सुंदर दिसते, तीच श्वापदांना सर्वांत अधिक गरजेची असते. ऊन्ह वाढलें कीं डोंगरावरचे झरे आटतात, आणि गवे, सांबरें, अस्वलें व बिबटे पाण्याच्या कांठाकडे येतात. दिवसां मनुष्याचा वास आणि आवाज असतो म्हणून तीं रात्रीची वाट पाहतात. त्याच कांठावर रात्रीं दिवे, गाणीं आणि शिजणाऱ्या अन्नाचा दरवळ असला, तर तहानलेलें जनावर तसेंच माघारी फिरतें. मनुष्याची ती एका रात्रीची करमणूक. जनावराचें तें रोजचें पाणी. या वनांत वाघ पुन्हा नांदावा म्हणून २०२५ सालच्या नोव्हेंबरांत ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीस आणण्यात आली. शेंकडों मैलांवरून आणलेल्या या वाघिणीला येथें रुजावयाचें असेल, तर तिला सर्वांत आधीं हवी ती निःशब्द रात्र. महाराष्ट्रांतील अनेक वनांत बुद्धपौर्णिमेस निवडक हौशी मंडळींना पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसावयास मिळतें. परंतु तेंही वर्षांतून एकदां, हूं कीं चूं न करतां, आणि जमिनीपासून उंच. वनाची रात्र पाहावयाची ती अशी पाहुण्यासारखी.

आतां शुल्काचा हिशेब पाहूं गेल्यास तो एकाच आंकड्यांत येत नाहीं. माणशीं प्रवेशाचें शुल्क वेगळें, वाहनाचें वेगळें, छायाचित्राच्या यंत्राचें वेगळें आणि वाटाड्याचें वेगळें असतें. सांगलीकडून चांदोलीस जाणारा शिराळा तालुक्यांतील मणदूरच्या बाजूनें आंत शिरतो व झोळंबीच्या सड्याकडे जातो. साताऱ्याकडून वासोट्यास जाणारा कास ओलांडून बामणोलीस पोंचतो, तेथें वनखात्याकडे सर्व मंडळींचीं नांवें नोंदवून परवाना घेतो, आणि यांत्रिक होडीनें शिवसागर ओलांडतो. होडीचें भाडें माणशीं नसून होडीमागें असतें. त्यामुळें चौघांना जें महाग पडतें तेंच दहाजणांना स्वस्त पडतें. दर वेळोवेळीं बदलतात म्हणून निघण्यापूर्वीं वनखात्याच्या कचेरींतून ते विचारून घ्यावे. पावसाळ्याचे महिने ही वाट बंद असते, हेंही विसरूं नये.

वासोट्याच्या बाबतींत एक गंमत आहे. जावळीच्या रानांतला हा किल्ला पूर्वीं तुरुंग म्हणून प्रसिद्ध होता. १८१८ सालीं इंग्रजांनीं तो घेतला तेव्हां त्यांचे दोन अधिकारी तेथें कैदेंत सांपडले. एके काळीं जेथें रात्र काढणें ही शिक्षा होती, तेथें आज लोक पैसे देऊन जातात आणि सायंकाळपूर्वीं उतरावें लागतें म्हणून हळहळतात! पण परतीची होडी ठरल्या वेळीं सुटते ती योग्यच आहे. अंधारांत वाट चुकलेल्या एका टोळीला शोधावयाचें तर वनखात्याचे चार माणूस रात्रभर रानांत हिंडतात, आणि त्या रात्रीं इतर सर्व राखण उघडी पडते.

हा पैसा जातो कोठें? व्याघ्र प्रकल्पांच्या बाबतींत २००६ सालच्या दुरुस्तीनें कायद्यांत एक महत्त्वाची तरतूद झाली. प्रत्येक प्रकल्पासाठीं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापावें आणि प्रवेशशुल्कासारखें उत्पन्न पुन्हा त्याच वनाच्या व भोंवतालच्या लोकांच्या कामीं यावें, असा तिचा आशय आहे. म्हणजे दाराशीं दिलेला पैसा दूरच्या तिजोरींत बुडून न जातां पाणवठ्याला, पहारेकऱ्याला आणि गांवाला पोंचावा, ही अपेक्षा कायद्यानेंच मान्य केली आहे. ती कितपत पुरी होते, हें विचारण्याचा अधिकार शुल्क देणाऱ्या प्रत्येकास आहे, आणि तो त्यानें बजावला पाहिजे.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. नदी, डोंगर, वारा हीं परमेश्वरानें सर्वांना दिलीं. त्यांवर दार बसवून पैसा कां घ्यावा? आक्षेप ऐकावयास गोड आहे. परंतु हें रान मोकळें राहिलें आहे, त्याची किंमत शहरांतील प्रवाशानें दाराशीं येण्यापूर्वींच दुसऱ्या कोणीं तरी दिली आहे. १९६४ सालीं कोयनेचें धरण पुरें झालें आणि शिवसागराच्या पाण्याखालीं गांवेंच्या गांवें गेलीं. त्यांतील माणसें सोलापूर, ठाणें, रायगड अशा परक्या मुलखांत जाऊन वसलीं. वारणेच्या खोऱ्यांतही तेंच झालें. कांहीं गांवें धरणासाठीं उठलीं, कांहीं वनासाठीं उठलीं, आणि डोंगरांतली माणसें सपाटीवर आलीं. वासोट्याच्या पायथ्याशीं मेट इंदवली नांवाचें गांव होतें. आज तेथें प्रवासी होडींतून उतरतात, शिदोरी सोडतात आणि झाडांची शोभा वाखाणतात. त्या झाडांखालीं कोणाचीं जोतीं आहेत, असा विचार क्वचितच कोणाच्या मनांत येतो.

ज्यांनीं घर दिलें त्यांचें दुःख पैशांत मोजतां येणार नाहीं. आपल्याच गांवच्या देवाला नारळ फोडावयाचा तर परवानगी मागावी लागते, ही त्यांची तक्रार आहे आणि ती खोटी नाहीं. कागदावर मिळालेली जमीन प्रत्यक्षांत ताब्यांत येईपर्यंत अनेकांचीं वर्षें गेलीं, त्यांना मोर्चे काढावे लागले, धरणें धरावीं लागलीं. अशा लोकांच्या शेजारीं उभें राहून, पांच-पन्नास रुपयांचें तिकीट म्हणजे अन्याय होय, असें म्हणणें सुशिक्षितास शोभत नाहीं. उलट, ज्यांचें रान त्यांस वाटाड्याचें, होडीचें, राखणीचें काम आधीं मिळावें आणि देवाच्या यात्रेच्या दिवशीं त्यांच्यासाठीं वनाचें दार विनाशुल्क उघडावें, हा आग्रह शुल्क देणाऱ्यानेंच धरला पाहिजे.

मग गर्दी आवरावयाची कशी? याचे दोन मार्ग आहेत. एक, शुल्क इतकें वाढवावयाचें कीं सामान्य माणूस येऊंच नये. दुसरा, शुल्क माफक ठेवून संख्या बांधून घ्यावयाची, आणि जो आधीं नांव नोंदवील त्यास आधीं प्रवेश द्यावयाचा. पहिला मार्ग सोपा आहे, पण त्यानें वन हें श्रीमंतांची बाग होऊन बसतें; शिवाय ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या गाडीचा धूर कमी विषारी असतो असें नाहीं. दुसरा मार्ग कटकटीचा खरा, परंतु त्यांत शाळामास्तर आणि सावकार एकाच रांगेंत उभे राहतात.

कास पठारानें हा दुसरा मार्ग धरून दाखविला. फुलांच्या दिवसांत तेथें इतकी रीघ लागूं लागली कीं फुलें पाहावयास आलेल्यांच्या पायांखालींच फुलें जाऊं लागलीं. तेव्हां भोंवतालच्या गांवांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनीं वनखात्याबरोबर काम हातीं घेतलें. प्रवेशास शुल्क लागलें, आगाऊ नोंदणी इंटरनेटवरून होऊं लागली, आणि दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा ठरविण्यांत आली. त्या शुल्कांतून गांवच्या तरुणांस हंगामांत राखणीचें व मार्गदर्शनाचें काम मिळूं लागलें. व्याघ्र प्रकल्पांसाठींही २०१२ सालीं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानें असेंच मोजमाप घालून दिलें: गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनास मोकळा ठेवूं नये, आणि त्या भागास किती वाहनें सोसतील याचा हिशेब करून मगच तितकीं सोडावीं.

आपल्याकडेच असें बंधन असतें, परदेशांत सारें मोकळें असतें, असा कांहींचा समज आहे. अमेरिकेंतील योसेमिटी उद्यानांत मर्सेड नदीच्या कांठीं तंबूंचे तळ आहेत. त्यांची नोंदणी पांच महिने आधीं उघडते आणि सुटीच्या दिवसांतील जागा कांहीं मिनिटांत संपतात. १९९७ सालच्या जानेवारींत त्या नदीस मोठा पूर आला आणि कांठावरचे दोन तळ त्यांत सांपडले. उद्यानाच्या चालकांनीं ते पूर्ववत् बांधले नाहींत. म्हणजे मागणी अपार असूनही त्यांनीं जागा कमी होऊं दिल्या. २०१९ सालीं कृष्णा-वारणेचा पूर ज्यांनीं सांगलींत घरांत पाहिला आहे, त्यांना यांतील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाहीं. नदीचा कांठ हा नदीचाच असतो. माणसास तो कांहीं दिवस वापरावयास मिळतो इतकेंच.

ज्यांना तंबूंतच रात्र काढावयाची आहे त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. शिवसागराच्या अलीकडच्या कांठीं बामणोली, शेंबडी, तापोळा या बाजूंस अनेक शेतकरी कुटुंबें व होतकरू तरुण पाहुण्यांसाठीं राहुट्या उभारतात, पिठलें-भाकरी करून घालतात. मणदूरच्या बाजूसही गांवांत उतरतां येतें. येथें दिलेलें भाडें थेट डोंगरांतल्या घरांत जातें आणि त्या घरास वन राखण्यांत स्वारस्य उत्पन्न होतें. पण जागा ठरवितांना चार गोष्टी विचारून घ्याव्यात. तंबूची जमीन यजमानाची स्वतःची आहे कीं पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जलाशयाची गाळपेर आहे? शौचाची सोय पाण्यापासून दूर आहे काय? रात्रीं मोठ्या आवाजाचीं गाणीं वाजतात काय? कचरा कोठें जातो? जलाशयाचा उतार फसवा असतो आणि पायाखालचा गाळ कधीं दगा देईल याचा नेम नसतो. म्हणून अनोळखी पाण्यांत पोहावयास उतरूं नये, मग पोहणारा कितीही पटाईत असो.

नोंदणीचाही एक धर्म आहे. जागा राखून ठेवून जो ऐन वेळीं जात नाहीं व कळवीतही नाहीं, तो आपले पैसे गेले म्हणून स्वतःचें समाधान करून घेतो. परंतु त्याची जागा पैशाची नव्हती, मोजक्या संख्येंतली होती. त्याच्या रिकाम्या जागेमुळें दुसरें एखादें कुटुंब दाराशीं येऊन परत फिरलेलें असतें. म्हणून जाणें रहित झालें कीं त्याच दिवशीं कळवावें. त्याचप्रमाणें सर्वच जागा मोबाइलवरून जाऊं देऊं नयेत. ज्यांच्या हातीं तें साधन नाहीं अशांसाठीं आणि आसपासच्या गांवकऱ्यांसाठीं कांहीं जागा दारावर राखून ठेवणें न्यायाचें होईल.

शुल्क माफक असावें, संख्या काटेकोर असावी, आणि रात्र वनाला सोडावी: चांदोलीच्या दाराशीं शिकावयाचें तें इतकेंच. त्या दारावर एक नोंदवही असते. तींत शहरचा प्रवासी आपलें नांव लिहितो, माणसें मोजतो, पैसे देतो, आणि काम संपलें असें समजून पुढें चालूं लागतो. पलीकडे बसून ती वही भरून घेणारा वाटाड्या बहुधा याच खोऱ्यांतला असतो. त्याच्या आजोबांचें नांव कदाचित् आंतल्याच एखाद्या गांवच्या सात-बाऱ्यावर होतें. त्याला पावतीबरोबर, तुमचें गांव कोणतें, एवढें विचारावें. तो बोटानें पाण्याकडे दाखवील. तेवढें दाखविलेलें ज्यानें पाहिलें, त्यास सायंकाळीं वेळेवर परत फिरण्याची आठवण द्यावी लागणार नाहीं.